वाढत्या वयातील गोल्फ खेळाडूने आयर्नचा सेट कसा निवडावा?

पहाटेची_टी (पुणे)

सर्वांना नमस्कार. मी सोळा वर्षांची आहे, पुण्यात गोल्फ खेळते आणि माझा हँडिकॅप (खेळाची पातळी दाखवणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) सध्या १४ आहे. गेल्या वर्षी तो २२ होता, त्यामुळे खेळ सुधारतो आहे एवढे नक्की. माझी उंची पाच फूट सहा इंच असून मी उजव्या हाताने खेळते. ज्युनिअर सेट उंचीला अपुरा पडू लागला तेव्हा काकांनी त्यांचे जुने आयर्न (ग्रीनकडे चेंडू मारण्याचे, धातूच्या चपट्या हेडचे क्लब) मला दिले आणि तेव्हापासून मी त्यांनीच खेळते आहे. हे क्लब पुरुषांच्या प्रमाण लांबीचे आहेत आणि त्यांच्या शाफ्टवर (दांड्यावर) डायनॅमिक गोल्ड एस३०० असे लिहिलेले आहे.

७ आयर्नने माझा नेहमीचा फटका हवेतून साधारण १२५ यार्ड जातो आणि अगदी मनासारखा बसला तर १३५ यार्डांपर्यंत पोहोचतो. अडचण अशी आहे की चेंडू कमी उंचीवरून जातो, बरेचदा उजवीकडे सरकतो आणि ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) पडला तरी थांबत नाही. शेवटच्या पाच-सहा होलवर हात जड होतात आणि क्लब चेंडूच्या आधीच जमिनीत घुसतो. पिचिंग वेजनंतर माझ्याकडे ५२ आणि ५६ अंशांचे दोन वेज (जवळच्या फटक्यांसाठीचे, जास्त तिरक्या चेहऱ्याचे क्लब) आहेत, ते मला आवडतात आणि बदलायचे नाहीत.

आता बाबा नवा सेट घेऊन देण्यास तयार आहेत, मात्र निदान तीन-चार वर्षे पुन्हा खर्च होणार नाही असे त्यांनी स्पष्ट सांगितले आहे. वापरलेला सेट घेण्यासही आमची ना नाही. दुकानात मला महिलांसाठीचा हलका ग्रॅफाइट सेट सुचवण्यात आला. क्लबमधील एका ज्येष्ठ सदस्यांचे मत आहे की ज्याला खेळ सुधारायचा आहे त्याने पातळ, फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) आयर्नच घ्यावेत, कारण सोपे क्लब घेतले की स्विंगमधील दोष झाकले जातात. माझे कोच म्हणतात की आधी लाय (क्लब टेकवल्यावर शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन) आणि लांबी मोजून घे, हेड (क्लबचे डोके) कोणते ते नंतर बघू. तिघांच्या सांगण्यात काही तरी तथ्य वाटते, म्हणून निर्णय होत नाही. या वयात आणि या टप्प्यावर नेमके कशाला आधी महत्त्व द्यावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे अशी विनंती आहे.

शाफ्ट_आणि_लॉफ्ट (पुणे)

क्लबची दुरुस्ती आणि फिटिंग हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल. तुझ्या कोचचे म्हणणे बरोबर आहे. त्यात फक्त एक गोष्ट मी सर्वांत आधी घालीन आणि ती म्हणजे शाफ्टचे वजन.

चेंडू खालून जाणे, उजवीकडे सरकणे आणि फेरीच्या शेवटी हात जड होणे ही तीन वेगवेगळी दुखणी नसून बहुधा एकाच कारणाची तीन लक्षणे आहेत. डायनॅमिक गोल्ड एस३०० या शाफ्टचे वजन कापण्यापूर्वी सुमारे १३० ग्रॅम असते. बाजारात आयर्नसाठी जे स्टीलचे शाफ्ट मिळतात त्यांतील हा सर्वांत जड गटातला आहे आणि तो ताकदीने व वेगाने क्लब फिरवणाऱ्या प्रौढ पुरुषांना शोभतो. इतका जड शाफ्ट वेळेवर खाली आणता आला नाही की क्लबचा चेहरा (चेंडूला लागणारी बाजू) चेंडूपाशी उघडा राहतो आणि चेंडू उजवीकडे निघतो. थकवा आला की हा दोष वाढतो, कारण शाफ्टचे वजन तेवढेच राहते आणि हातातील ताकद मात्र कमी झालेली असते.

आता दुकानातील सल्ल्याकडे येऊ. ट्रॅकमॅन या रडार बनवणाऱ्या कंपनीने व्यावसायिक खेळाडूंचे सरासरी आकडे प्रसिद्ध केले आहेत. त्यांनुसार पीजीए टूरवरील पुरुष ७ आयर्न ताशी सुमारे ९० मैल वेगाने फिरवतात आणि चेंडू हवेतून १७० यार्डांच्या थोडा पुढे जातो, तर एलपीजीए टूरवरील महिलांचा वेग ताशी ७६ मैलांच्या आसपास असून चेंडू सुमारे १४० यार्ड जातो. तुझा चांगला बसलेला फटका १३५ यार्डांचा आहे, म्हणजे चेंडू चेहऱ्याच्या मध्यावर लागतो तेव्हा तू त्या सरासरीच्या बरीच जवळ असतेस. 'महिलांसाठी' असे लिहिलेल्या तयार सेटमध्ये शाफ्ट बहुधा एक इंच आखूड, फार हलका आणि फार लवचीक असतो. सावकाश स्विंग असलेल्या खेळाडूसाठी तो बनवलेला आहे आणि त्यांच्यासाठी तो योग्यच आहे, पण तुझ्या वेगाला तो आज कसाबसा पुरेल आणि वर्षभरात अपुरा पडेल. १३० ग्रॅमच्या शाफ्टवरून थेट ५० ग्रॅमच्या शाफ्टवर उडी मारण्याची गरज नाही. साधारण ७० ते ९५ ग्रॅमच्या पट्ट्यात तुझे उत्तर सापडेल. स्टीलमध्ये निप्पॉनचा एन. एस. प्रो ९५०जीएच हा ९५ ग्रॅमच्या आसपासचा शाफ्ट वर्षानुवर्षे विकला जातो आहे आणि वापरलेल्या सेटमध्येही पुष्कळदा दिसतो. ग्रॅफाइटमध्ये ७० ते ८० ग्रॅमचे चांगले पर्याय मिळतात. शाफ्टवरील आर किंवा एस या लवचीकपणा दाखवणाऱ्या अक्षरांवर मात्र विसंबू नकोस. त्यांना उद्योगभर लागू असे कोणतेही मानक नाही आणि एका कंपनीचा आर दुसरीच्या एसइतका कडक असू शकतो.

लांबीसाठी केवळ उंची पुरत नाही. सरळ उभे राहून मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे लागते, कारण दोन सारख्या उंचीच्या माणसांचे हात सारखे लांब नसतात. स्टील शाफ्टच्या ७ आयर्नची पुरुषांची प्रमाण लांबी सुमारे ३७ इंच असते. तुला ती तशीच चालेल किंवा अर्धा इंच कमी लागेल असा माझा अंदाज आहे. तो मोजून पडताळता येईल.

लाय अँगलची तपासणी तू स्वतः रेंजवर (सरावाच्या जागेवर) करू शकतेस. चेंडूवर जाड मार्करने एक सरळ रेघ काढ, ती उभी आणि क्लबच्या चेहऱ्याकडे येईल असा चेंडू ठेव आणि नेहमीसारखा फटका मार. शाईची रेघ चेहऱ्यावर उमटेल. ती उभी असेल तर लाय बरोबर आहे. तिचे वरचे टोक टो-कडे (हेडच्या बाहेरच्या टोकाकडे) झुकले असेल तर क्लब जास्त उभा आहे आणि उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू डावीकडे जाण्याकडे कल राहतो. टोक हील-कडे (हेडच्या शाफ्टजवळच्या टोकाकडे) झुकले असेल तर क्लब जास्त आडवा आहे आणि चेंडू उजवीकडे जातो. तुझ्या उजवीकडे जाण्यात शाफ्टच्या वजनाचा वाटा किती आणि लायचा किती, हे यातून पुष्कळसे उलगडेल. एकच फटका मारून निष्कर्ष काढू नकोस, आठ-दहा रेघा एकत्र बघ.

हेडबद्दल आत्ता एवढेच सांगतो की क्लबवर लिहिलेल्या ७ या आकड्याला आज काहीही निश्चित अर्थ उरलेला नाही. पिंग जी४३० या सोप्या आयर्नच्या ७ आयर्नचा लॉफ्ट (चेहऱ्याचा मागे झुकलेला कोन, तो कमी म्हणजे क्लब ताठ आणि चेंडू लांब) २९ अंश आहे, तर टायटलिस्ट टी१०० या चोखंदळ खेळाडूंच्या आयर्नमध्ये तो ३४ अंश आहे. जी४३०चा पिचिंग वेज ४१ अंशांचा आहे, म्हणजे तो टी१००च्या ४२ अंशांच्या ९ आयर्नपेक्षाही एक अंश ताठ आहे. दुकानातील पडद्यावर एका क्लबने दुसऱ्यापेक्षा पंधरा यार्ड जास्त दाखवले, तर आधी दोघांचे लॉफ्ट विचार. तुझी तक्रार चेंडू थांबत नाही ही आहे, अंतर कमी पडते ही नाही. त्यामुळे चेंडू किती उंच चढतो आणि किती अंशांच्या कोनात खाली उतरतो हे दोन आकडे तू अंतराच्या आधी वाचायला हवेस. उतरण्याचा कोन ४५ अंशांच्या वर असेल तर ग्रीनवर चेंडू थांबण्याची खात्री बरीच वाढते.

एकआकडी (मुंबई)

वरच्या उत्तरातील शाफ्टचा आणि मापांचा भाग मला पूर्ण मान्य आहे. मात्र क्लबमधील ज्येष्ठ सदस्यांची बाजूही नीट मांडली जावी असे वाटते, कारण ती केवळ जुन्या पिढीचा हट्ट म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

जाड सोल (हेडचा तळ) आणि मोठा ऑफसेट (चेहरा शाफ्टच्या रेषेपेक्षा मागे असणे) असलेल्या आयर्नने चेंडूच्या अर्धा इंच मागे जमिनीला लागलेला फटकासुद्धा घसरत जाऊन बऱ्यापैकी पुढे जातो, आणि रेंजवरील मॅटवर तर तो उत्तम फटका वाटतो. सुधारणाऱ्या खेळाडूला चेंडू चेहऱ्यावर कुठे लागला हे हातांना कळणे फार मोलाचे आहे. पातळ हेडमध्ये ते लगेच कळते. शिवाय चेंडू मुद्दाम खालून मारणे, थोडा डावीकडून उजवीकडे वळवणे, अर्ध्या स्विंगने अंतर कापणे या गोष्टी आटोपशीर हेडने शिकणे सोपे जाते. १४ हँडिकॅप असलेली आणि वर्षभरात आठ अंकांनी खाली आलेली मुलगी दोन वर्षांत ५-६ वर येईल, असे धरून चालायला हरकत नाही. त्या वेळी आज घेतलेला अतिसोपा सेट तिला नकोसा होईल आणि वडिलांनी तर खर्चाची मर्यादा आधीच सांगून ठेवली आहे.

तरीही मी अस्सल ब्लेड (मागे पोकळी नसलेले पातळ आयर्न) घेण्याचा सल्ला देणार नाही. कॉलिन मोरिकावा हा आयर्न मारण्यात जगातील सर्वोत्तमांपैकी एक मानला जातो. २०२१ मध्ये रॉयल सेंट जॉर्जेस येथील ओपन स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात स्कॉटलंडमधील जमिनीवर चेंडू चेहऱ्याच्या मध्यावर बसत नाही असे त्याच्या लक्षात आले. त्याने ७ ते ९ आयर्न ब्लेडवरून मागे पोकळी असलेल्या पी७एमसीवर बदलले आणि ती स्पर्धा जिंकली. त्याच्यासारख्या खेळाडूला जमीन बदलताच थोडी मदत घ्यावीशी वाटते, तर सोळा वर्षांच्या खेळाडूने ती नाकारण्याचे कारण नाही. माझे मत मधल्या गटाचे आहे: हेड आटोपशीर, वरची कड फार जाड नाही, ऑफसेट थोडा, मागे पोकळी आणि लॉफ्ट ३१ ते ३३ अंशांच्या दरम्यान. स्रिक्सन झेडएक्स५ आणि पिंग आय२३० ही या गटातील दोन उदाहरणे आहेत. पहिल्याच्या ७ आयर्नचा लॉफ्ट ३१ अंश आणि दुसऱ्याचा ३३ अंश आहे.

चाचणी घेताना एक काळजी घे. मॅटवर मारून निर्णय करू नकोस. गवतावर मारता येईल अशी जागा शोध. आपल्याकडच्या बहुतेक फेअरवेवर (होलकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) हरळी असते आणि पावसाळ्यात तिच्याखालची माती इतकी मऊ होते की अरुंद सोलचा क्लब सरळ खाली रुततो. मार्च-एप्रिलमध्ये तीच जमीन टणक होते आणि तिथे फार रुंद सोल उसळून चेंडूच्या कमरेला लागतो. वर्षभर एकच सेट वापरायचा असल्याने मध्यम रुंदीचा आणि पुढची कड थोडी घासलेली सोल आपल्या हवामानाला चांगली पडते. निवड करताना आपल्याकडे याचा विचार फारसा होत नाही, ही माझी जुनी खंत आहे.

शाफ्ट_आणि_लॉफ्ट (पुणे)

एकआकडी यांच्याशी निवडीच्या बाबतीत माझे जवळपास एकमत आहे, फक्त कारणाच्या बाबतीत नाही. पातळ हेड दोष दाखवते आणि पोकळीचे हेड दोष झाकते ही समजूत मला अर्धवट वाटते.

जनरल इलेक्ट्रिकमध्ये अभियंता असलेले कार्स्टन सोल्हाइम यांनी १९५९ मध्ये पिंग पटर (ग्रीनवर चेंडू होलमध्ये ढकलण्याचा क्लब) बनवला तेव्हा त्यांनी धातू हेडच्या मधून काढून टो आणि हीलकडे नेला आणि पुढे हाच विचार आयर्नमध्ये आणला. वजन कडांना असले की चेंडू मध्यापासून बाजूला लागल्यावर हेड कमी पिळते, म्हणून चेंडूची दिशा आणि अंतर कमी बिघडते. पण फटका कडेला लागला हे त्या हेडमध्येही हातांना आणि कानांना कळतेच. ज्याला चेहऱ्यावर चेंडू कुठे लागतो हे शिकायचे आहे त्याने पावडरचा स्प्रे चेहऱ्यावर मारून दहा फटके बघावेत; त्यातून मिळणारी माहिती कोणत्याही ब्लेडच्या झिणझिण्यांपेक्षा नेमकी असते. वाढत्या वयाच्या खेळाडूला कठीण क्लब दिला की तो चेंडू वर उचलण्यासाठी शरीर मागे झुकवू लागतो, मनगटे आधीच सोडतो, आणि या सवयी घालवायला वर्षे लागतात. मोठ्या भावाची पूर्ण मापाची बॅट घेऊन खेळणारा दहा वर्षांचा मुलगा आडव्या बॅटनेच खेळायला शिकतो, तसेच हे आहे.

खारघरकर_आई (नवी मुंबई)

माझा मुलगा ज्युनिअर स्पर्धा खेळतो आणि आम्ही या निर्णयातून गेलो आहोत, म्हणून पैशांच्या आणि वाढीच्या बाजूने थोडे लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे पूर्ण आठ आयर्नचा सेट घेऊ नये. मध्यम वेगाच्या खेळाडूचा ४ आयर्न आणि ५ आयर्न यांच्या अंतरात फारसा फरक पडत नाही, कारण लॉफ्ट कमी झाला की चेंडू पुरेसा उंच चढत नाही. त्या जागी हायब्रिड (आयर्न आणि वूड यांच्या मधले, मारायला सोपे क्लब) जास्त उपयोगी पडतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, आदिती अशोक यांचे पदक अगदी थोडक्यात हुकले आणि त्या चौथ्या आल्या. त्या स्पर्धेत त्यांचा ड्राइव्ह (होलचा पहिला लांब फटका) इतर बहुतेक खेळाडूंहून आखूड होता, त्यामुळे ग्रीन गाठण्यासाठी त्यांना पुष्कळदा लांबचे क्लब घ्यावे लागत होते आणि तरी त्या जगातील सर्वोत्तमांच्या बरोबरीने खेळल्या. मुलींनी तर हा विचार अवश्य करावा. ६ आयर्न ते पिचिंग वेज असे पाच क्लब घेतले तर खर्चही कमी होतो आणि नियमाने मिळणाऱ्या चौदा क्लबांमध्ये हायब्रिडला जागाही राहते.

दुसरी गोष्ट वाढीची. सोळाव्या वर्षी मुलींची उंची साधारण स्थिरावत आलेली असते आणि मुलांची अजून वाढू शकते, पण ताकद दोघांचीही वाढत राहते. म्हणून हेड असे घ्यावे की ज्याचा लाय नंतर वाकवता येईल. मऊ कार्बन स्टीलचे फोर्ज्ड हेड दोन-तीन अंश सहज वाकते, तर काही कास्ट (ओतीव) हेडचा धातू इतका कठीण असतो की कारागीर त्याला हात लावायला तयार होत नाहीत. फोर्ज्ड घेण्याचे मला पटलेले कारण हेच आहे. 'मऊ स्पर्श' वगैरे गोष्टींचे मी सांगू शकत नाही. शाफ्टला वरून अर्धा इंचाचा जोड लावता येतो, मात्र त्याने क्लबचे टोक हाताला जड लागू लागते आणि लायही अधिक उभा झाल्यासारखा वागतो, त्यामुळे जोड लावल्यावर लाय पुन्हा तपासावा लागतो.

तिसरी गोष्ट वापरलेल्या सेटची. ऑनलाइन जाहिरातींमध्ये बनावट सेट असतात आणि फोटोवरून ते ओळखू येत नाहीत. होझेलवरील (हेड शाफ्टला जोडणाऱ्या मानेवरील) क्रमांक कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून पडताळून घ्यावा, सगळ्या क्लबांचे शाफ्ट एकाच प्रकारचे आहेत का ते पाहावे आणि चेहऱ्यावरील खाचांच्या कडा नखाने तपासाव्यात. फार जुना सेट असेल तर आणखी एक बाब बघावी लागते. २०१० पासून खाचांची खोली आणि कडांची धार यांवर नवे नियम आले. त्याआधी बनलेले क्लब रोजच्या खेळात चालतात, पण ज्या स्पर्धेच्या समितीने खाचांचा स्थानिक नियम लागू केला असेल तिथे ते चालत नाहीत. काकांच्या सेटबाबतही हे एकदा पाहून घे. ग्रिप तर काहीही झाले तरी नव्या घालाव्यात. मुंबईच्या दमट हवेत रबर वर्षभरात गुळगुळीत होते आणि मग हात नकळत घट्ट आवळले जातात.

पहाटेची_टी (पुणे)

आपण सर्वांनी इतकी सविस्तर उत्तरे दिलीत त्याबद्दल मनापासून आभार. मी कोचबरोबर जाऊन मोजमाप करून आले आणि गवतावरही फटके मारले. काकांच्या ७ आयर्नवर शाईची रेघ सतत हीलच्या बाजूला झुकलेली होती. मनगटापासून जमिनीपर्यंतच्या मापावरून प्रमाण लांबीच माझ्यासाठी योग्य आहे असे निघाले.

त्यानंतर लाँच मॉनिटरवर (फटक्याचे आकडे मोजणाऱ्या यंत्रावर) दोन ७ आयर्न मारले. पहिला २९ अंशांचा, रुंद सोलचा, ६५ ग्रॅमच्या ग्रॅफाइट शाफ्टचा होता. त्याने चेंडू सरासरी १४७ यार्ड गेला, उतरण्याचा कोन ४१ अंश होता आणि डावी-उजवीकडचा फरक बराच होता. दुसरा ३३ अंशांचा, आटोपशीर, ९५ ग्रॅमच्या स्टील शाफ्टचा होता. त्याने चेंडू १३७ यार्ड गेला, कोन ४६ अंश आणि फटके एकमेकांच्या जवळ पडले. या शाफ्टने माझ्या हातांवर शेवटपर्यंत ताण आला नाही. दुकानातील सल्ला मात्र पहिलाच घेण्याचा आहे, कारण दहा यार्ड जास्त मिळतात. मला दुसरा आवडला आहे, पण दहा यार्ड सोडून देणे बरोबर आहे का हे ठरत नाही. आणि पुण्यात मारलेले आकडे मुंबईतील स्पर्धेत तसेच धरावेत का?

शाफ्ट_आणि_लॉफ्ट (पुणे)

तू फार चांगली माहिती आणली आहेस. दुसराच घे, आणि कारणे तुझ्याच आकड्यांत आहेत.

पहिल्या क्लबचे दहा यार्ड हे चार अंशांच्या लॉफ्टमुळे मिळालेले आहेत. तो खरे तर ६ आयर्न आहे, त्यावर ७ लिहिले आहे. दुसऱ्या सेटचा ६ आयर्न मारलास तर तेच दहा यार्ड मिळतील. ४१ अंशांनी उतरणारा चेंडू टणक ग्रीनवर पुढे पळेल आणि तुझी मूळ तक्रार तशीच राहील. त्याहून मोठा प्रश्न खालच्या टोकाला आहे. त्या प्रकारच्या सेटचा पिचिंग वेज ४१ अंशांच्या आसपास असतो आणि तुझा पुढचा वेज ५२ अंशांचा आहे, म्हणजे अकरा अंशांची दरी पडेल. ती भरायला मध्ये आणखी एक वेज घ्यावा लागेल, त्याचा खर्च आणि चौदांतील एक जागा जाईल. दुसऱ्या सेटचा पिचिंग वेज साधारण ४५ अंशांचा असेल. ५२ पर्यंतचे सात अंश थोडे जास्तच आहेत, पण अर्ध्या-पाऊण स्विंगने भरून काढण्याजोगे आहेत, आणि वाटलेच तर ५२चा वेज एक अंश ताठ वाकवून ५१ करता येईल. त्याने बाउन्सही (क्लबला जमिनीत रुतू न देणारा सोलचा कोन) एक अंश कमी होईल हे मात्र लक्षात ठेव.

रेघ हीलकडे झुकते याचा अर्थ काकांचा क्लब तुला जास्त आडवा पडतो, म्हणजे उजवीकडे जाण्यात लायचाही हात होता. पण जड शाफ्टमुळे तुझे हात चेंडूपाशी वेगळ्या उंचीवर येत असतील, तेव्हा जुन्या क्लबवरील रेघ पाहून नव्या क्लबचा लाय सांगू नकोस. नवा सेट कंपनीच्या प्रमाण लायमध्ये घे, दोन-तीन आठवडे खेळ आणि मग त्याच क्लबांवर पुन्हा रेघ उमटव. रेघ झुकलेली आढळली तर त्या वेळी वाकवून देऊ. सेट वापरलेला असेल तर त्याचे सगळे लॉफ्ट आणि लाय आधी यंत्रावर मोजून घ्यायलाच हवेत, कारण मऊ स्टीलचे क्लब वापरात एखादा अंश इकडेतिकडे होतात आणि मग ८ व ९ आयर्न सारखेच अंतर देऊ लागतात.

मुंबईबद्दल: पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि इथल्या विरळ हवेत चेंडू साधारण दोन टक्के लांब जातो. १३७ यार्डांच्या फटक्यात हा फरक तीन यार्डांच्या आत आहे. चेंबूरला खेळताना समुद्रावरून येणारा वारा त्याहून कितीतरी जास्त फरक पाडेल, म्हणून क्लब निवडताना उंचीचा हिशेब लक्षात ठेव आणि वाऱ्याकडे आधी बघ. रेंजवरचे चेंडू मात्र वेगळ्या बनावटीचे आणि झिजलेले असतात, त्यामुळे अंतराची तुझी कायमची यादी तू स्पर्धेत वापरतेस त्याच चेंडूने तयार कर.

एकआकडी (मुंबई)

एवढेच जोडतो की ६ आयर्नही घेण्यापूर्वी याच पद्धतीने मारून बघ. त्याचा उतरण्याचा कोन ४३-४४ अंशांच्या खाली गेला आणि अंतर ७ आयर्नपेक्षा दहा यार्डांहून कमी वाढले, तर सेट ७ आयर्नपासूनच घे आणि त्यावर जास्त लॉफ्टचा हायब्रिड लाव. खारघरकर ताईंनी सांगितलेले तत्त्वच एक क्लब खाली आणायचे आहे, त्यात कमीपणा काही नाही.

पहाटेची_टी (पुणे)

६ आयर्न मारून पाहिला. चेंडू १४८ यार्ड गेला आणि कोन ४४ अंश आला, म्हणून तो ठेवते आहे. ६ ते पिचिंग वेज असा वापरलेला सेट मिळाला आहे. शाफ्ट ९५ ग्रॅमचे, सगळे एकाच प्रकारचे आहेत आणि हेडवरचे क्रमांक विक्रेत्याकडून पडताळून झाले आहेत. शनिवारी लॉफ्ट आणि लाय मोजून नव्या ग्रिप घालून घेणार आहे. हायब्रिड दिवाळीनंतर घ्यायचा असे बाबांशी ठरले आहे आणि तोपर्यंत काकांचा ५ आयर्न बॅगेत राहील.

शाफ्ट_आणि_लॉफ्ट (पुणे)

काकांचा ५ आयर्न मात्र ठेवू नकोस. १३० ग्रॅमचा तो एकच क्लब बाकीच्या सेटमध्ये मिसळला की तुझी लय प्रत्येक वेळी मोडेल. हायब्रिड येईपर्यंत त्या अंतरावर फेअरवे वूड (मोठ्या हेडचा लांब पल्ल्याचा क्लब) खाली धरून मार.

मोजणीला येताना तुझे दोन्ही वेजही आण. त्यांचे शाफ्ट किती जड आहेत ते बघू. ते १३०च्या जवळ असतील तर आधी ५६ अंशांच्या वेजचा शाफ्ट तसाच ठेवून ५२चा बदलू, कारण पूर्ण स्विंगने तू तोच जास्त मारशील.